मिशनऱ्यांमधला बर्नआउट मोजायचा आहे, खरी उत्तरं कशी मिळतील?

प्रश्न: तमिळनाडू, नागालँड, मिझोराममधून उत्तर भारतात गेलेल्या मिशनऱ्यांमधला बर्नआउट (कामाच्या ताणाने पार खचून जाणं) हा पीएचडीचा विषय आहे. मास्लाक इन्व्हेंटरी (बर्नआउट मोजणारी प्रश्नावली, २२ विधानं) वापरणार. मिशन संस्था आपल्या कार्यालयातून प्रश्नावली पाठवायला तयार आहेत. काय सांभाळावं?

शोधवाट: कार्यालयातून अजिबात पाठवू नका. नेमणूक आणि रजा तिथेच ठरते, मग त्या फॉर्मवर ‘खचलोय’ असं कोण लिहील? शिवाय अनेकांचं मानधन देणगीदारांवर अवलंबून असतं. बातमी फुटली तर तेही आटेल ही धास्ती असते. संस्थेकडून फक्त परवानगीपत्र घ्या, लिंक विद्यापीठाकडून जाऊ द्या. एकाही व्यक्तीची उत्तरं संस्थेला दाखवणार नाही, हे संमतीपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

नाव गाळून भागत नाही. ‘मिझो, परिचारिका, वय ४४, अमुक जिल्हा’ एवढ्यावरून बाई कोण ते कळतं. वय दहा-दहा वर्षांच्या गटात आणि जिल्ह्याऐवजी विभाग विचारा. ज्या गटात ५ पेक्षा कमी माणसं असतील, त्याचे आकडे छापू नका. काही राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत, तेव्हा गावाचं नाव आणि आयपी पत्ता साठवूच नका.

मोजपट्टी: इन्व्हेंटरीचे तिन्ही भाग (भावनिक थकवा, माणसांबद्दलचा कोरडेपणा, वैयक्तिक कर्तृत्व) वेगवेगळे मांडा, बेरीज करू नका. खरी गोची ‘वैयक्तिक कर्तृत्व’ या भागात आहे, तिथे कमी गुण हे बर्नआउटचं लक्षण धरतात. श्रद्धाळू माणूस यशाचं श्रेय देवाला देतो, स्वतःकडे कमी गुण घेतो. ती नम्रता असू शकते, बर्नआउट नव्हे. दुसरीकडे थकवा हा ‘आपला क्रूस’ मानून तो कमी सांगितला जातो. म्हणून आधी प्रत्येक भाषेतल्या ६-८ जणांकडून विधानं मोठ्याने वाचून घ्या आणि काय समजलं ते विचारा. उलट भाषांतराने (भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहण्याने) हे सापडत नाही. इन्व्हेंटरीवर कॉपीराइट आहे, भाषांतरालाही प्रकाशकाची परवानगी लागते.

आकडेमोड: फक्त सध्या काम करणारे घेतलेत तर जे सर्वांत जास्त पोळले ते यादीत नसतीलच. गेल्या ५ वर्षांत सोडून गेलेल्यांनाही शोधा.

नवरा-बायको दोघांनी भरलं तर ती दोन स्वतंत्र उत्तरं धरू नका. कुटुंबाला एक सांकेतिक क्रमांक द्या, विश्लेषण जोडीनुसार करा. घरात एकच फोन असेल तर एकमेकांची उत्तरं दिसतात, तेव्हा पाठवल्यावर फॉर्म परत उघडता येणार नाही अशी सोय करा.

सोबत पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) देणार असाल तर नववा प्रश्न आत्मघाताच्या विचारांचा आहे. निनावी फॉर्ममध्ये ‘हो’ म्हणणाऱ्यापर्यंत तुम्हाला पोचता येणार नाही. त्याच पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक द्या.