मदत हवी आहे: कँटीनच्या कन्व्हेयर डिशवॉशरमध्ये रॅक अडकतात, ताटं ओली निघतात

वाढपी_ताई

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं कँटीन माझ्याकडे आहे. दुपारी तीन पंगती, मिळून ११०० जेवणं. प्रत्येकी एक ताट, दोन वाट्या, ग्लास, चमचा. गेल्या दिवाळीपर्यंत आठ मावश्या सिंकवर भांडी घासायच्या. मग मशीन आलं. दुपारची भांडी दीड तासात होतील असं सांगितलं होतं. होतात तीन तासांत, आणि तोवर पुढच्या पाळीची मंडळी ताटं मागायला उभी.

मशीन रॅक ढकलणारं आहे. ५०० बाय ५०० मिमीचे प्लास्टिकचे रॅक, खाली पुढेमागे होणारी पट्टी आणि तिच्यावरचे खटके रॅक सरकवतात. आधी धुणं, शेवटी गरम पाण्याचा फवारा. पाटीवर 'तासाला १५० रॅक' लिहिलंय.

आमची ताटं पाच कप्प्यांची, स्टीलची. खुंट्यांच्या रॅकमध्ये नऊच बसतात आणि कप्प्यांच्या कडेला पाणी राहतं, फडक्याने पुसावं लागतं. चमचे रॅकच्या जाळीतून खाली जाऊन खटक्यांत अडकतात. बाहेर पडायच्या तोंडाशी इमारतीचा खांब आहे, त्यामुळे टेबल जेमतेम एका रॅकचं. तो रॅक टोकाच्या स्विचला टेकला की सगळं थांबतं.

त्यावर आमच्या पोरांनी उपाय काढला: स्विचला केबल टाय बांधून टाकला. दुसऱ्याच दिवशी मागचा रॅक पुढच्यावर चढला आणि चाळीसेक वाट्या फरशीवर. मी टाय कापला.

सर्व्हिसवाला म्हणतो, मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) लावून वेग वाढवू. खर्च मलाच करायचाय. करू का?

नटबोल्ट

ताई, वेगाला हात लावू नका. रॅक जितका वेळ फवाऱ्याखाली राहतो त्यावर स्वच्छता ठरते. वेग वाढवला की तो वेळ कमी होतो आणि ताट तापतही नाही. धुण्याच्या टाकीत ६० ते ६५ अंश आणि शेवटच्या फवाऱ्याला ८२ ते ८५ अंश लागतात, ते ताट पुरेसं तापावं म्हणून. तापलेलं ताट बाहेर आल्यावर स्वतःच्या उष्णतेने सुकतं. स्टील पातळ असतं, चिनी मातीसारखी ऊब धरून ठेवत नाही. आत्ताच ओली निघतात, वेग वाढवला तर आणखी ओली.

आता हिशोब करू. ११०० ताटं, रॅकला ९, म्हणजे १२३ रॅक. २२०० वाट्या, रॅकला ३६ धरल्या तर ६२. ग्लास रॅकला २५, म्हणजे ४४. एकूण २२९, चमच्यांचे चार-पाच वेगळे. तासाला १५० ने हे दीड तासाचंच काम आहे. तुम्हाला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे मशीन निम्मा वेळ काहीच धूत नाही. उद्या अर्धा तास घड्याळ घेऊन शेजारी उभ्या राहा. किती मिनिटं उभं, किती मिनिटं रिकामं, एवढंच लिहून आणा.

आणि त्या टायबद्दल पोरांना चांगलं झापा. तो स्विच मोटर वाचवायला आहे आणि बोटंही. अडकलेला चमचा काढायचा तर मेन बंद करूनच.

खडीसाखर

मावश्या होत्या तेव्हा ताटं कोरडी होती ना? मग.

(गंमत म्हणजे ज्या जोसेफिन कॉक्रन बाईंनी १८८६ मध्ये अमेरिकेत डिशवॉशरचं पेटंट घेतलं, त्यांची मूळ तक्रार अशी की नोकरांच्या हातून चिनी मातीच्या ताटांचे टवके उडतात.)

वाढपी_ताई

टवक्यांची काळजी नाही, आमच्या ताटांना पोचे येतात. आणि त्या मावश्यांपैकी दोघींच्या हातांना साबणाने कायमच्या भेगा होत्या. सिंकवर परत जाणार नाही.

परदेशी_पोळपाट

मी जर्मनीत शिकताना विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे खानावळीत, भांड्यांच्या खोलीत काम केलंय. तिथे जेवणारे आपापला ट्रे सरकत्या पट्ट्यावर ठेवून जातात. आत प्रत्येक माणूस एकच वस्तू उचलतो: एक जण ताटं, एक जण ग्लास, एक जण काटे-चमचे. रॅक पूर्ण भरल्याशिवाय मशीनकडे जात नाही. तुमच्याकडे एकच मावशी समोर येईल ते भरत असेल तर मशीन तिची वाट बघत राहणार.

चमच्यांसाठी बारीक जाळीचा सपाट रॅक आणि त्यात भोकांचे उभे डबे घ्या. उष्ट्याच्या बादलीच्या तोंडाशी लोहचुंबकाची पट्टीही लावतात, बादलीत जाणारे चमचे पकडायला. पण आधी घरचं चुंबक लावून बघा, स्टीलचे बरेच चमचे चिकटत नाहीत.

वाढपी_ताई

उभी राहिले घड्याळ घेऊन. ३० मिनिटांत ११ मिनिटं मशीन उभं. त्यातली ८ फक्त बाहेरचा रॅक कुणी उचलला नाही म्हणून, ३ चमच्यांपायी. आणखी ४ मिनिटं रिकामंच फिरत होतं, कारण मावशी ताटांतला भात झटकत होत्या. म्हणजे १५ मिनिटं. नटबोल्ट, तुमचं 'निम्मा वेळ' तंतोतंत निघालं! व्हीएफडीला नाही म्हणून सांगितलं.

चमचे चुंबकाला चिकटले नाहीत. एकही नाही. उभे डबे मात्र आणले.

नटबोल्ट

छान. मग व्हीएफडीच्या पैशांत बाहेर तीन रॅक मावतील असं रोलर टेबल करून घ्या आणि स्विच त्याच्या अगदी टोकाला न्या. तेवढ्यात मावशींना दोन रॅकची सवड मिळते.

भात झटकण्यासाठी मशीनआधी हाताचा फवारा बसवा, कोमट पाण्याचा. कढत नको, डाळ-दुधाचा अंश कढत पाण्याने ताटाला धरून बसतो. खटक्यांच्या बिजागऱ्या रोज रात्री ब्रशने साफ करा. त्यात भाताची लापशी साचली की खटका उठत नाही आणि रॅक जागच्या जागी राहतो, लोक म्हणतात 'चेन सैल झाली'.

ओलेपणाचं: ताट खुंटीत तिरपं बसतंय का बघा, कप्प्यांची बाजू खालच्या अंगाला कलली पाहिजे. रिन्सचं औषध संपलंय का तेही बघा, त्यानेच पाण्याचे थेंब न राहता पातळ पडदा होऊन निथळतो. पाणी बोअरचं आहे का?

वाढपी_ताई

बोअरचंच. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर आहे, पण त्यात मीठ शेवटचं कधी टाकलं ते कुणालाच आठवत नाही. शेवटच्या फवाऱ्याची नळी काढून बघितली. चौदा भोकांपैकी सहा पांढऱ्या खड्याने बंद!

नटबोल्ट

सापडलं. मीठ नसलं की सॉफ्टनरमधून जड पाणी तसंच पुढे जातं, तापलं की क्षार हीटरवर आणि भोकांत बसतात. सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात कालवून नळी तासभर बुडवा, मग दातकोरणीने भोकं मोकळी करा. संडास-बाथरूमचं ॲसिड चुकूनही नको, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि काच-तापमापीवर विसंबू नका. ७१ अंशाला काळी पडणारी चिकटपट्टी मिळते, ती ताटाला लावून मशीनमधून पाठवा. काळी झाली तर ताट खरोखर तापलं.

वाढपी_ताई

चार दिवसांनी लिहितेय. नळी साफ केली, मीठ भरलं. पट्टी पहिल्या दिवशी करडीच राहिली, मग कळलं की बूस्टरचा, म्हणजे शेवटच्या फवाऱ्याचं पाणी तापवणाऱ्या टाकीचा, एक हीटर जळालाय. तो बदलल्यावर काळी झाली. ताटं आता पुसावी लागत नाहीत, कडेला एखादा थेंब असतो तेवढाच. कालचं आवरणं दोन तास दहा मिनिटांत.

रोलर टेबलाचं मात्र खांबापाशी अडलंय. फॅब्रिकेटर म्हणतो, तोंडाशीच ९० अंशांचं वळण देऊन टेबल भिंतीकडे नेऊ. कुणाकडे असं वळण आहे का? भरलेला ताटांचा रॅक तिथे मागच्या रॅकच्या धक्क्याने वळतो, की हाताने ओढावा लागतो?