‘प्रे’ला आधी ४, मग ८: गुण नेमके कशाचे द्यायचे?

कळफलक (धागाकर्ता)

मे २०१७ मध्ये आर्केन स्टुडिओचा ‘प्रे’ हा व्हिडिओ गेम आला, तेव्हा आयजीएन या गेम-समीक्षेच्या संकेतस्थळाने पीसी आवृत्तीला १० पैकी ४ गुण दिले. कारण एकच. खेळ बराच पुढे गेल्यावर एका बगने (प्रोग्रॅममधल्या दोषाने) समीक्षकाच्या सेव्ह फाइल, म्हणजे तिथवरचा खेळ साठवणाऱ्या फाइल, खराब केल्या आणि त्याला पुढे जाताच येईना. नंतर दुरुस्तीचा पॅच आला, बग गेला आणि त्याच समीक्षेतले गुण ८ झाले. टॅलोस १ हे अंतराळस्थानक तेच, कपाचं किंवा खुर्चीचं रूप घेऊन दबा धरणारे मिमिक तेच, गुण मात्र दुप्पट. यावर तेव्हा भरपूर आरडाओरडा झाला.

माझ्या मते ते ४ बरोबर होते आणि नंतरचे ८ही बरोबर होते. आज पैसे मोजून जो खेळ हातात येतो, त्याचेच गुण समीक्षकाने द्यावेत. उद्या तो सुधारेल या आशेचे गुण नसतात. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात पैसे परत हवे असतील तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागावे लागतात आणि खेळ २ तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. शेवटाकडे येणारा बग त्या २ तासांत कुणाला दिसणार? तो तिथपर्यंत खेळलेल्या समीक्षकालाच दिसतो. त्याने सांगायचं नाही तर कुणी?

रात्रपाळी

असहमत. एका मशीनवर घडलं म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. त्याच आठवड्यात कितीतरी लोकांनी ‘प्रे’ विनाअडथळा संपवला. बगबद्दल समीक्षेत ठळक इशारा द्या, वर चौकटीत द्या, पण गुण कलाकृतीचे असतात. लेव्हल डिझाइन, लेखन, कुलूपबंद खोलीत शिरायचे चार वेगळे मार्ग, हे सगळं बगने नाहीसं झालं का?

आणि आकड्याची किंमत समीक्षक भरत नाही. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (२०१०) आठवा. समीक्षांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ आले तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस मिळणार होता, आले ८४. हे २०१२ मध्ये ऑब्सिडियनच्या क्रिस अ‍ॅव्हेलोन यांनीच जाहीर सांगितलं. शिवाय मेटाक्रिटिक एखाद्या प्रकाशनाने आधी दिलेले गुणच धरतं. म्हणजे तुम्ही नंतर ८ करा नाहीतर १० करा, सरासरीत ४ बसले ते बसले.

कळफलक

रात्रपाळी, मेटाक्रिटिकचा मुद्दा मान्य, तो नियम मलाही पटत नाही. पण बोनस सरासरीला बांधायचं प्रकाशक कंपनीने ठरवलं. समीक्षकाने गुण देताना स्टुडिओतल्या पगारांचा विचार सुरू केला की तो वाचकाचा राहिला नाही. ‘न्यू व्हेगस’ सुरुवातीला बगांनी भरलेला होता हेही खरंच आहे. तो मलाही फार आवडतो, म्हणून ते लपवू का?

लेव्हलअप

दोघेही आकडा गृहीत धरून भांडताय. आकडाच काढून टाका.

मार्च २०१३ चा ‘सिमसिटी’ बघा. सतत ऑनलाइन राहावं लागणारा खेळ. पॉलिगॉन या गेम-संकेतस्थळाने आधी ९.५ दिले. मग खेळ लोकांच्या हातात गेला, सर्व्हर कोलमडले, आणि गुण ८, मग ४, शेवटी ६.५ झाले. वाचकाने यातला कुठला धरायचा? पुढे २०१८ मध्ये पॉलिगॉनने गुण देणंच बंद केलं.

चार_बटणं

लेव्हलअप, उलटंही झालंय. युरोगेमर या गेम-संकेतस्थळाने २०१५ मध्ये आकडे काढून टाकले आणि २०२३ मध्ये ५ ताऱ्यांची पद्धत आणली. लोकांना पटकन समजेल असं काहीतरी हवंच असतं.

मला मोठी चूक वेगळीच दिसते: गुण कुठल्या मशीनवरचे हे नीट न सांगणं. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ येण्याआधी समीक्षकांना फक्त पीसी आवृत्ती मिळाली होती. त्यावर भरघोस गुण पडले. ते वाचून सोनीच्या साध्या पीएस४ कन्सोलवर घेणाऱ्यांच्या वाट्याला अडखळणारा, मध्येच बंद पडणारा खेळ आला, आणि आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. आपल्याकडे कितीतरी जण आधीच्या पिढीच्या कन्सोलवरच खेळतात. ‘पीएस४ वर खेळलेलो नाही, थांबा’ एवढं एक वाक्य मथळ्यात असतं तर त्यांचे पैसे वाचले असते.

कोथरूडकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा खेळ आला. तेव्हा माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणत होते की आपल्या मातीतला, छोट्या टीमचा खेळ आहे, दोन गुण जास्त द्यायला हवेत. मला ते तेव्हाही पटलं नाही. देवळांची वास्तू, विष्णू आणि दुर्गेचं निवेदन, हे अप्रतिम होतं आणि त्याचे गुण त्याला मिळायलाच हवेत. लढाई मात्र पुढे पुढे तोचतोचपणाकडे झुकते, हेही लिहायला हवं. वर्षाअखेरीस द गेम अवॉर्ड्स या गेम-पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं ते कुणाच्या दयेवर नाही. सवलतीचे गुण देणं म्हणजे त्या टीमला कमी लेखणं.

रात्रपाळी

कोथरूडकर, +१.

कळफलक, ४ मी अजूनही मानत नाही. पण तोडगा आहे: खेळ मध्येच अडला तर समीक्षा छापा, बग सांगा आणि गुण राखून ठेवा. न संपवलेल्या खेळाला आकडा द्यायची सक्ती कुणी केली आहे?

कळफलक

पहिल्या आठवड्यात लोक पूर्ण किंमत मोजतात, आणि नेमका तेव्हाच तो रकाना रिकामा ठेवायचा? पॅच आल्यावर भरलेला आकडा आधी खरेदी केलेल्याच्या काय कामाचा? पुढे जाऊ न देणारा खेळ त्या दिवशी ४ चाच. राखीव गुण ठेवले की खेळ घाईने बाजारात आणणाऱ्या कंपनीला फुकटची मुदत मिळते, आणि ती मुदत मी तरी देणार नाही.