मदत हवी आहे: रॅम्प जनरेटरचे आउटपुट एका टोकाला जाऊन अडकते

निळाशाई: नमस्कार. ऑप-अँप (ऑपरेशनल अँप्लिफायर) वापरून साधा व्होल्टेज रॅम्प जनरेटर, म्हणजे एकसमान वेगाने बदलणारे व्होल्टेज देणारे सर्किट, बनवायचा आहे. पुस्तकातले इंटिग्रेटरचे (इनपुट कपॅसिटरमध्ये साठवत जाणारे) सर्किट जसेच्या तसे ब्रेडबोर्डवर जोडले आहे, पण इनपुट शून्य ठेवले तरी आउटपुट हळूहळू वर चढत जाते आणि आठ व्होल्टच्या आसपास अडकून बसते. इनपुट धन दिले तर ते खाली उतरायला हवे, तेही होत नाही. जोडण्या तपासल्या आहेत आणि आयसी बदलून पाहिली आहे, तेव्हा कृपया तेच पुन्हा सुचवू नये. प्रकल्प सादर करण्याची तारीख तोंडावर आली आहे. नेमके चालणारे सर्किट हवे आहे.

तापली_डाग: ऑप-अँपच्या नादाला लागूच नका. ५५५ ही टायमर आयसी घ्या आणि चार्जिंगच्या रोधाऐवजी पीएनपी ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाहाचा स्रोत बसवा. कपॅसिटरमध्ये ठरावीक प्रवाह शिरत राहिला की त्यावरील व्होल्टेज पुरवठ्याच्या एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत सरळ रेषेत चढते. मी कित्येक वर्षे हेच वापरत आलो आहे.

ओहमपंत: आधी हे सांगा : आयसी कोणती, रोध व कपॅसिटर किती, पुरवठा किती आणि रॅम्पचा वेग किती हवा? शिवाय हा रॅम्प कशाला द्यायचा आहे?

निळाशाई: आयसी नेहमीचीच, ७४१. रोध १ मेगओहम, कपॅसिटर १ मायक्रोफॅरड, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि इनपुट ५० मिलिव्होल्ट, कारण वेग सेकंदाला ५० मिलिव्होल्ट हवा आहे. मी एमएस्सी रसायनशास्त्राला आहे. पोटॅशियम फेरोसायनाइडचे सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज चढवत-उतरवत मोजलेल्या प्रवाहाचा आलेख) काढायचे असल्यामुळे रॅम्प उणे ०.२ पासून अधिक ०.६ व्होल्टपर्यंत चढून त्याच वेगाने परत उतरला पाहिजे. पण रॅम्प तो रॅम्पच. त्याने असा काय फरक पडतो?

ओहमपंत: सगळा फरक त्यानेच पडतो. १ मेगओहममधून ५० मिलिव्होल्टला प्रवाह वाहतो अवघा ५० नॅनोअँपिअर, आणि ७४१ च्या इनपुट पिनेला स्वतःसाठीच साधारण ८० नॅनोअँपिअर लागतात. तो प्रवाह कपॅसिटरमधूनच ओढला जातो, म्हणून आउटपुट सेकंदाला ८० मिलिव्होल्टने वर सरकते आणि तुमचे ५० वजा केले तरी ते चढतच राहते. तुमची जोडणी अगदी बरोबर आहे, फक्त या कामाला ७४१ चालणार नाही. एफइटी (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर) इनपुटची टीएल०८२ ही ऑप-अँप आयसी घ्या, तिचा इनपुट प्रवाह पिकोअँपिअरमध्ये असतो. मात्र तिचा ऑफसेट (इनपुटवर मुळातच असणारी व्होल्टेजची चूक) काही मिलिव्होल्ट असतो आणि ५० मिलिव्होल्टच्या इनपुटपुढे तेवढाही जड जातो, म्हणून इनपुटच मोठे करा : १.१ व्होल्ट, १० मेगओहम आणि २.२ मायक्रोफॅरड. यातूनही सेकंदाला ५० मिलिव्होल्टच मिळतात. कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्यावा; इलेक्ट्रोलिटिकची गळती इथे परवडणार नाही.

तापली_डाग: हे आधी कळले असते तर माझेही उत्तर वेगळे आले असते. तरीही ५५५ चे आउटपुट खाली सरकवून घेता येईल.

ओहमपंत: सरकवता येईल, पण ते झटक्यात खाली कोसळते त्याचे काय? यांना उतारही त्याच वेगाचा हवा आहे.

बिट_बाय_बिट: आजच्या काळात हे ॲनालॉग प्रकरण कशाला? आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ॲनालॉगराइट या आज्ञेवर चार ओळींत काम होते.

कपॅसिटरकाकू: आर्डुइनो उनोच्या ॲनालॉगराइटला आठच बिट असतात, म्हणजे पाच व्होल्टवर एकेक पायरी जवळजवळ २० मिलिव्होल्टची पडते आणि पीडब्ल्यूएमचा (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्पंदांचा) तरंग गाळावा लागतो तो वेगळाच. आर्डुइनोच हवे असेल तर एमसीपी४७२५ हा बारा बिटांचा डॅक (आकड्याचे व्होल्टेज करणारी चिप) जोडा, म्हणजे पायरी १.२ मिलिव्होल्टवर येते. डिजिटल पोटेन्शिओस्टॅटही (व्होल्टॅमोग्राम काढायची यंत्रे) असाच पायऱ्यापायऱ्यांचा रॅम्प देतात. फक्त डॅक ऋण व्होल्टेज देत नाही, त्यामुळे ऑप-अँपपासून सुटका तिथेही नाहीच.

जुना_खोका: आमच्या वेळी रॅम्प म्हटले की २एन२६४६ हा यूजेटी (युनिजंक्शन ट्रान्झिस्टर), दोन रोध आणि एक कपॅसिटर, बाकी काही लागत नसे. पुण्याच्या तपकीर गल्लीत अजून कुणाकडे तो मिळतो का?

निळाशाई: यूजेटी नको आहे. टीएल०८२ बसवली, सरकणे जवळपास थांबले आणि इनपुट धन दिल्यावर आउटपुट आता खाली येते. दिशा आपोआप बदलावी म्हणून त्याच आयसीतल्या दुसऱ्या ऑप-अँपचा श्मिट ट्रिगर (इनपुट ठरलेल्या दोन सीमांना पोचले की आउटपुट उलटवणारे सर्किट) करून त्याचे आउटपुट प्रीसेटमधून (छोट्या बदलत्या रोधातून) इंटिग्रेटरला परत दिले. आता चढ सेकंदाला ५२ आणि उतार ४७ मिलिव्होल्ट येतो. असे का?

ओहमपंत: ऑप-अँप वर जितका जातो तितकाच खाली जात नाही, शिवाय दोन बॅटऱ्या सारख्याच उतरलेल्या असतील असेही नाही. श्मिटच्या आउटपुटला १ किलोओहम लावून पुढे ४.७ व्होल्टचे दोन झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारे डायोड) उलटसुलट जोडून जमिनीला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टला, न्या. तिथे दोन्ही बाजूंना साधारण ५.३ व्होल्ट मिळतील. प्रीसेटमधून ते १.१ वर आणा. श्मिटचा फीडबॅकही झेनरच्या त्याच बिंदूवरून घ्या, नाहीतर वेग जुळेल पण ०.६ आणि उणे ०.२ या सीमा बॅटरीबरोबर हलत राहतील. दोन सीमांचा मध्य अधिक ०.२ आहे, म्हणून श्मिटची दुसरी पिन जमिनीला न जोडता तिला त्याच्या आसपासचे व्होल्टेज द्यावे लागेल.

निळाशाई: झेनर उद्या आणतो. ते दोन्ही एकाच लॉटचे असणे आवश्यक आहे का?

कपॅसिटरकाकू: पाकिटातून दहा काढा आणि मीटरवर मोजून जुळणारी जोडी लावा.