मदत हवी आहे: कच्च्या वाटांवरील दुचाकीसाठी कोणते संरक्षक साहित्य आधी घ्यावे?

करवीरवासी: येत्या रविवारी आम्हाला गगनबावड्याच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जायचे आहे. हेल्मेट आहे, बाकी काय घ्यावे, हे कृपया लवकर सांगावे. दुकानदाराच्या मते प्रत्येक वस्तू अत्यावश्यक आहे आणि सर्व घेणे मला परवडणारे नाही.

जांभादगड: वाहन दुचाकी की चारचाकी एटीव्ही? हेल्मेट कोणते? बजेट किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

करवीरवासी: दुचाकीच, शीर्षकात लिहिले आहे. हेल्मेट रोजचेच, काचेचे, आयएसआय चिन्हाचे.

जांभादगड: या फेरीपुरते ते चालेल, मात्र चढावर वेग कमी आणि धाप जास्त असल्याने काचेवर वाफ धरते, म्हणूनच ऑफ-रोड हेल्मेटची हनुवटी पुढे काढलेली असते आणि गॉगल वेगळा लावतात. पहिला खर्च बुटांवर करावा. लाल चिखलात गाडी घसरली की आपण पाय टेकवतो आणि नेमका घोटाच पिरगळतो. ईएन १३६३४ हे दुचाकीस्वारांच्या बुटांचे युरोपीय मानक पाहून घ्यावे.

घाटवाट: असहमत. आधी गुडघे. ईएन १६२१-१ या गुडघे-कोपरांच्या पॅडच्या मानकाच्या आघात-चाचणीत पहिल्या पातळीच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आत पोहोचलेले चालते, दुसऱ्या पातळीला मर्यादा २० ची आहे. त्यामुळे दुसरी पातळीच घ्यावी. जाकिटाच्या पाठीत मिळणारा साधा फोम हे संरक्षण नव्हे, पाठीसाठी १६२१-२ हे मानक वेगळे आहे.

तालमीतला: टायरमधली हवा थोडी कमी करा, पकड वाढते.

घाटवाट: प्रश्न हवेचा नाही, दादा.

करवीरवासी: घरी गमबूट आहेत, ते चालतील का?

जांभादगड: नाही. पाणी अडेल, पण घोट्याला आधार मिळणार नाही. आणि ‘आम्हाला’ म्हणजे नेमके कोण कोण?

करवीरवासी: धाकटा भाऊ मागे बसणार आहे. त्याला माझे जुने हेल्मेट देईन. मागे एका पडण्यात त्यावर चरा उमटला होता, एवढेच.

घाटवाट: मग बूट आणि गुडघे दोन्ही बाजूला ठेवा. आतला थर्माकोलसारखा थर धक्का शोषताना दबतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. बाहेरून केवळ चरा दिसला तरी ते हेल्मेट बाद समजावे.

जांभादगड: या एका मुद्द्यावर मी सहमत आहे. भावाच्या भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर मोजून लिहा, म्हणजे माप सांगता येईल.