चारित्र्य, व्यंग आणि अर्क

शंकाखोर: एका प्रदर्शनाच्या पाट्या मराठीत करतोय. विषय आहे वृत्तपत्रांतली नगरसेवक-आमदारांची कॅरिकेचर्स. चित्रकार चेहऱ्यातून नेत्याचं ‘कॅरेक्टर’ दाखवतो, या वाक्यावर अडलोय. मी लिहिलं, ‘व्यंगचित्रातून नेत्याचं चारित्र्य दिसतं.’ आयोजकांनी चारित्र्याभोवती लाल गोल केला. म्हणे, अब्रूनुकसानीची नोटीस येईल. ‘स्वभाव’ चालेल?

जुनीशाई: चारित्र्य म्हटलं की आपल्याकडे आधी लफडंच आठवतं, तेव्हा आयोजक बरोबर. पण तुमची पहिली चूक ‘व्यंगचित्र’. चेहरा ओढूनताणून काढला की ते अर्कचित्र. शि. द. फडणीसांची हास्यचित्रं आणखी वेगळी, तिथे कुणा पुढाऱ्याचं नाक लागत नाही.

मधलीसुट्टी: ‘तो एक अर्कच आहे’ म्हणतो ना आपण! नगरसेवकासाठी याहून नेमका शब्द नाही.

तत्सम: संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य. स्वभावावर प्रकाश टाकतं ते अर्कचित्र.

जुनीशाई: सूर्याला यात ओढू नका. हा अर्क अरबी, तिकडे मूळ अर्थ घाम. पुढाऱ्याला घाम फोडतं म्हणून अर्कचित्र म्हणा हवं तर.

तत्सम: बरं, पण ‘व्यंग’ तरी टाळा. खरा शब्द ‘व्यंग्य’, सुचवलेला अर्थ. ‘य’ गळला आणि शारीरिक न्यून तेवढं उरलं.

बोरूबहाद्दर: ‘मार्मिक’ १९६० साली निघालं ते व्यंगचित्र साप्ताहिक म्हणून. आता ‘य’ शोधायला कुठे जाता? आमच्या कचेरीत तर सगळे ‘पॉकेट आलं का?’ एवढंच विचारायचे, पॉकेट म्हणजे एका स्तंभात मावणारं छोटं व्यंगचित्र.

मधलीसुट्टी: तत्सम यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही हं. आर. के. लक्ष्मण यांनी इंदिराबाईंचं नाक लांबवलं, त्यात करारीपणा दिसायचा. पण एका स्थानिक अंकात एका सदस्याचा पोलिओचा पाय काढला होता. त्यात कसला आलाय स्वभाव? ते नुसतं व्यंग.

बोरूबहाद्दर: आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात एका सभापतींना कायम खुर्चीसकट काढायचे. चेहरा साधाच, पण खुर्चीचे पुढचे दोन पाय म्हणजे त्यांचेच पाय, कोल्हापुरी चपलांसकट. निवडणूक हरले त्या आठवड्यात चित्रात ते स्टँडवर एसटीची वाट बघत उभे, आणि खुर्ची पाठीला तशीच. गावाला नाव वाचावं लागलं नाही. याला तुमचा अर्क म्हणायचं की व्यंग्य?

जुनीशाई: अर्क.

तत्सम: व्यंग्य! सुचवलंय, सांगितलेलं नाही.

मधलीसुट्टी: कॅरिकेचरच लिहा हो. टेबल लिहिताना घाम येतो का?

तत्सम: अशानेच भाषा जाते.

शंकाखोर: माझी पाटी राहिलीच! आयोजकांनी वाट बघून परस्पर छापायला दिली: ‘नेत्यांची गंमतीदार चित्रे’.

जुनीशाई: गमतीदार. ‘ग’वरचा अनुस्वार काढायला सांगा.