जुने अॅनालॉग वायरलेस सेट बदलून डिजिटल घेतोय, लायसन्सचं काय करायचं?

किनारा_मालवण:
नमस्कार मंडळी. आमची बोटवाल्यांची संस्था आहे, किल्ल्यावर पर्यटक नेतो. जेटीवर तिकीट ऑफिस, त्याच्या गच्चीवर मास्ट म्हणजे अँटेनाचा खांब आणि बेस सेट, प्रत्येक बोटीत एक हॅंडसेट, सगळं अॅनालॉग व्हीएचएफ आणि रीतसर लायसन्सवर. आता बॅटऱ्या टिकत नाहीत, स्पेअर मिळत नाहीत म्हणून कमिटीत डिजिटल घ्यायचं ठरलंय. डीलर म्हणतो फ्रिक्वेन्सी तीच ठेवू, नुसते सेट बदलायचे, कागदपत्रं काही लागत नाहीत. आणि कमिटीतले एक काका म्हणतात कशाला एवढा खर्च, ऑनलाइन स्वस्तात वॉकीटॉकी मिळतात त्याच मागवू. मला दोन्ही पटत नाहीये, कारण अर्जावर सही माझी असते. २०२१ च्या तौक्ते वादळात मोबाईल बंद पडले तेव्हा ह्याच सेटांवर सगळ्या बोटींची खबर मिळाली, त्यामुळे हे काम चुकवून चालणार नाही. कोणी केलंय का हे?

वायरलेसवाला_रत्नागिरी:
दादा, डीलरचं अजिबात ऐकू नका. लायसन्स नुसत्या फ्रिक्वेन्सीचं नसतं. तुमचा कागद काढा आणि एमिशनचा, म्हणजे सेट हवेत कसला सिग्नल सोडतो त्याचा रकाना बघा, जुन्या २५ किलोहर्ट्झच्या सेटला तिथे बहुतेक १६के०एफ३ई असं काहीतरी असेल. १६के० म्हणजे १६ किलोहर्ट्झ रुंदी, एफ म्हणजे एफएम, ३ म्हणजे अॅनालॉग, ई म्हणजे आवाज. आता डीएमआर, म्हणजे डिजिटल सेटांची एक पद्धत, घेतलीत तर ते होतं ७के६०एफएक्सई, म्हणजे रुंदीही बदलली आणि मॉड्युलेशनही. फ्रिक्वेन्सी तीच असली तरी हवेत जाणारी गोष्ट वेगळी आहे आणि त्याला परवानगी नाही. शिवाय सेटचा मेक, मॉडेल, सिरियल नंबर हे पण लायसन्सला जोडलेलं असतं, त्यामुळे नवे सेट आले की बदल करून घ्यावाच लागतो.
हे सगळं दिल्लीत दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगकडे, म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि वायरलेस लायसन्स बघणाऱ्या शाखेकडे जातं, अर्ज सरल संचार पोर्टलवर. आधी फ्रिक्वेन्सीचा निर्णय हातात येऊ दे, मग सेट घ्या, मग ऑपरेटिंग लायसन्स. आणि डीलरकडे सेट बाळगायचं त्याचं स्वतःचं लायसन्स, डीपीएल, आहे का ते विचारा, दाखवायला टाळाटाळ केली तर सरळ दुसरा डीलर बघा.
एक चांगली गोष्ट पण सांगतो. डीएमआर एकाच १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर ३०-३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट करतं, म्हणजे रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे परत पाठवणारा सेट) असेल तर जेटीचं बोलणं एका स्लॉटवर आणि बोटींचं दुसऱ्यावर, दोन बोलण्यांसाठी दोन वेगळी चॅनेल मागायची गरज नाही.

हॅम_दापोली:
ऑनलाइनवाल्या काकांना माझ्यातर्फे कळकळीने सांगा, नको. आपल्याकडे वायरलेस सेट वापरणं सोडा, परवान्याशिवाय नुसता जवळ बाळगणं पण गुन्हा, हे १९३३ च्या कायद्यात होतं आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे. लायसन्स न लागणारा पट्टा आहे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, २०१८ च्या नियमांत सूट दिलीय, पण तिथे पॉवर अगदी कमी आणि सेटला ईटीए, म्हणजे त्या मॉडेलची सरकारी मंजुरी पाहिजे. ऑनलाइन जे मिळतात त्यातले बरेच १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं उघडं ठेवून विकतात, त्यात पोलिसांचं, बंदराचं, कोणाचंही चॅनेल लागतं. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ह्यावरूनच ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या. तिकीट खिडकी ते पार्किंग एवढ्यालाच ते ४४६ चे सेट ठीक, समुद्रात बोटीवर माणसं असताना त्याच्या भरवशावर राहू नका.
आणि कोणी हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स काढा म्हणून सुचवेल, तेही धंद्याच्या कामाला चालत नाही.

किनारा_मालवण:
खूप आभार दोघांचे. कागद काढून बघितला, १६के०एफ३ई च आहे. आता अजून एक, जेटीवरचा मास्ट आहे तो आहे, पण मागच्या डोंगरावर रिपीटर बसवायचा विचार आहे, आणि सगळे सेट एकदम घ्यायला पैसे नाहीत, अर्धे यंदा अर्धे पुढच्या वर्षी. चालेल का?

वायरलेसवाला_रत्नागिरी:
डोंगरावरचा रिपीटर म्हणजे नवीन फिक्स्ड स्टेशन, त्याला साक्फाची, म्हणजे मास्टच्या जागेला मंजुरी देणाऱ्या सरकारी समितीची क्लिअरन्स वेगळी. जागेचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, मास्टची उंची, अँटेना कुठली, सगळं भरावं लागतं आणि आकडे बरोबर लागतात, मोबाईलवरून अंदाजे घेऊ नका. रिपीटरला फ्रिक्वेन्सी पण जोडीने लागते, म्हणजे सध्याच्या एकावर भागणार नाही, अर्ज करतानाच ते मागा नाहीतर परत सगळी फेरी. खर्च पण कमिटीला आधीच सांगून ठेवा, सेट घेतले की संपलं असं नसतं, फ्रिक्वेन्सी वापरायची रॉयल्टी आणि लायसन्स फी दरवर्षी असते.
अर्धे-अर्धे चालेल. बरेचसे डीएमआर सेट अॅनालॉगवर पण चालतात, तसे घ्या आणि अर्जात दोन्ही एमिशन लिहा. पण सगळे बदलेपर्यंत बोटींचं मुख्य चॅनेल अॅनालॉगच ठेवा, नाहीतर जुन्या सेटवाल्या तांडेलाला नुसती घरघर ऐकू येणार आणि नेमकं त्यालाच काही सांगायचं असणार.

सागर_हर्णै:
एक राहिलं. हे तुमचं खासगी नेटवर्क झालं, मरीन व्हीएचएफ वेगळं. संकटाचं चॅनेल १६, १५६.८ मेगाहर्ट्झ, ते जगभर साध्या अॅनालॉग एफएमवर आहे आणि कोस्ट गार्ड, बंदर, मोठी जहाजं तिथेच ऐकतात. डिजिटल आलं म्हणून बोटीतले मरीन सेट काढू नका, आणि डीएमआरच्या सेटमध्ये चॅनेल १६ टाकून द्यायला डीलरला सांगू पण नका, मरीन सेटचं लायसन्स बोटीच्या नावाने वेगळं असतं. आमच्याकडे वारा उठला की पहिल्यांदा तेच लावतात.
अर्ज आत्ताच टाका, पावसाळ्यात बोटी बंद असतात तेवढ्यात मास्टचं आणि तांडेलांना शिकवायचं काम होईल.