प्रति: रिपोर्टिंगच्या युजरला नुसतं सिलेक्ट पुरे का?

वर म्हटलंय की पॉवर बीआय (रिपोर्ट बनवायचं टूल) डेटाबेसला जोडायला वेगळा युजर काढायचा, त्याला सिलेक्ट (टेबल वाचायची परवानगी) द्यायचं, झालं काम. वेगळा युजर हवाच, पण डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर एवढ्यावर भागत नाही. स्कीमावर (टेबलं ठेवायचा कप्पा) युसेज, म्हणजे आत शिरायची परवानगी, नसेल तर टेबलावरचं सिलेक्ट असून नसल्यासारखं. हे लगेच कळतं, कारण एरर समोर येते. उशिरा कळते ती पुढची गोम: 'ऑल टेबल्स इन स्कीमा' म्हणून दिलेली परवानगी त्या घडीला असलेल्या टेबलांपुरतीच असते. उद्या बनणाऱ्या टेबलांसाठी ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस (नव्या टेबलांना आपोआप परवानगी लावणारी कमांड) द्यावं लागतं.

मी तेही दिलं होतं, तरी नवीन टेबलावर रिपोर्ट बोंबललाच. दोन दिवस गेटवेला (पॉवर बीआय आणि डेटाबेस यांच्यातला दुवा) शिव्या घातल्या. शेवटी लक्षात आलं की कमांड मी माझ्या लॉगिनने चालवली होती आणि टेबलं बनवतो मायग्रेशनचा (डेटाबेसच्या रचनेतले बदल चालवणारा) युजर. जो रोल (पोस्टग्रेसमध्ये युजर म्हणजे रोलच) टेबल बनवतो, त्याचं नाव 'फॉर रोल' लावून द्यायला हवं होतं. 14 व्या आवृत्तीपासून पीजी_रीड_ऑल_डेटा हा तयार रोल मिळतो, पण तो सगळ्याच स्कीमा उघड्या करतो, पगाराची टेबलंसुद्धा (एचआरला हे कोण सांगणार?). आम्ही आता रिपोर्टिंगची वेगळी स्कीमा ठेवलीय, आत फक्त व्ह्यू (साठवलेली क्वेरी, टेबलासारखी वाचता येते). व्ह्यू एरवी मूळ टेबल स्वतःच्या मालकाच्या हक्काने वाचतो, त्यामुळे रिपोर्टिंगच्या युजरला मूळ टेबलांवर काहीच द्यावं लागत नाही.